कावळा शिवला नाही तेव्हा: धर्माच्या वादात तर्क कुठे, भावना कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. नातेवाईक तासभर उन्हात ताटकळले. थोरले काका पुन्हा पुन्हा पिंडाजवळ जाऊन, हात जोडून काहीतरी पुटपुटत होते. प्रश्नकर्ते तिशीतले, इंजिनिअर. ते म्हणाले, "काका, सकाळपासून इथे वीस पिंड झालेत, कावळ्यांची पोटं भरलीत, बाकी काही नाही." काका एक शब्द न बोलता पायऱ्या चढून निघून गेले. संध्याकाळी घरी जोराचं भांडण झालं, आणि तेव्हापासून अबोला आहे. आता ते विचारतात: माझं चुकलं कुठे? तर्क तर माझ्याच बाजूने होता. धर्मावर बोलताना भावना बाजूला ठेवायलाच हव्यात ना? की धर्म हा भावनेचाच प्रांत, तिथे तर्काने पाऊलच टाकू नये?

मी सत्तावीस वर्षं महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवते आहे. त्यातली वीसेक वर्षं गावोगाव प्रबोधनाच्या कार्यक्रमांना जाते, आणि घराघरांतले असे वाद मिटवायलाही मला बोलावतात. त्या अनुभवावरून सांगते.

कावळ्यांबद्दल तुम्ही जे बोललात ते खरं आहे. गर्दीच्या घाटावर, पितृपक्षात तर विशेष, दहा वाजेपर्यंत कावळ्यांचं पोट भरलेलं असतं. माणसांचा घोळका पिंडापासून दूर सरला नाही तरी कावळा खाली उतरत नाही. याबद्दल मला काही शंका नाही. पण तुम्ही दिलेलं उत्तर ज्या प्रश्नाचं होतं, तो प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते विधान), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष). मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते की समोरच्याची प्रतिज्ञा त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय हेतू खोडायला जाऊ नका. काकांची प्रतिज्ञा काय होती? 'कावळ्याच्या रूपाने माझा भाऊ येतो' अशी होती, हे तुम्ही गृहीत धरलंत. ते तसं म्हणाले होते का? दहाव्याला उभं राहून लोक काय पुटपुटतात, ते जवळ जाऊन ऐका. "वहिनींना काही कमी पडू देणार नाही." "धाकटीचं लग्न मी करून देईन." "शेताचा वाद मी काढणार नाही, तू सुखाने जा." गेलेल्या माणसाची इच्छा अपुरी राहिली म्हणून कावळा शिवत नाही, अशी समजूत आहे, म्हणून मागे राहिलेले एकेक वचन देत जातात. मी अशा दहाव्याला उभी राहिलेली आहे जिथे वीस वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या दोन भावांपैकी धाकट्याने मोठ्याच्या पिंडासमोर सगळ्या गावादेखत बांधावरचा हक्क सोडला. कोर्टात जे झालं नव्हतं ते तिथे झालं. कावळ्याचं तिथे काम इतकंच, की कावळा येईपर्यंत माणसाला थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस बोलतो.

तेव्हा काका भावाशी काहीतरी बोलत होते आणि तुम्ही कावळ्याबद्दल बोललात. ते निघून गेले कारण त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. तुमचा मुद्दा खोडता आला नाही म्हणून ते गेले, असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. अगदीच कावळा आला नाही तर गुरुजी काय करतात, ते तुम्ही त्या दिवशी पाहिलं असेलच. दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि विधी पुरा करतात. म्हणजे कावळ्यावाचून अडत नाही, हे विधी करणाऱ्यांनीही फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. कधी काळी तुम्हाला काकांशी या रूढीबद्दल बोलायचंच असेल, तर या दर्भापासून सुरुवात करा. कावळ्याच्या पोटापासून केलीत तर पुन्हा तेच होईल. जो तर्क समोरच्याच्या घरातून निघतो तो त्याला टोचत नाही. निदान त्याला उठून जावं लागत नाही.

आता मूळ प्रश्न. भावना बाजूला ठेवून वाद करावा का?

आपल्याकडच्या जुन्या वादशास्त्राने याचा फार बारकाईने विचार केलेला आहे. न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. दोघेही सत्य शोधत असतील तर तो वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छल वगैरे सगळी हत्यारं वापरली तर जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडून काढली तर वितंडा. हे वर्गीकरण बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग मात्र वर्गात शिकवला तरी मुलं विसरतात. न्यायसूत्रं सांगतात की वाद शिष्याशी, गुरूशी, सहाध्यायाशी, कल्याणाची इच्छा असणाऱ्याशी करावा, आणि ही सगळी माणसं 'अनसूयि' असावीत. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांतही दोष शोधण्याची वृत्ती. ती ज्याच्यात नाही त्याच्याशीच वाद होऊ शकतो. तर्काच्या सर्वांत काटेकोर शास्त्राने वादाची पूर्वअट म्हणून मनाची एक अवस्था सांगितली आहे, हे मला आजही विलक्षण वाटतं.

चरकसंहितेत हे आणखी उघड आहे. तिथे वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार दिले आहेत: संधाय संभाषा, म्हणजे जुळवून घेऊन केलेली चर्चा, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे भांडून केलेली. पहिली कुणाशी करावी याची यादीच आहे. जो ज्ञानी आहे, उत्तर-प्रत्युत्तर करू शकतो, हे तर झालंच. पण जो रागीट नाही, जो समजूत पटवून घेतो, ज्याला दुसऱ्याची समजूत काढता येते, जो त्रास सोसतो, जो गोड बोलतो, त्याच्याशी. आणि पुढे म्हटलं आहे की त्याच्याशी मोकळेपणाने बोलावं, मोकळेपणाने विचारावं, आपण हरू म्हणून धास्तावू नये, आणि त्याला हरवल्यावर हर्ष मानू नये, इतरांपुढे त्याची बढाई मारू नये. संध्याकाळच्या भांडणात 'बघा, उत्तर नाही ना तुमच्याकडे' असं काही तुमच्या तोंडून निघालं होतं का, एवढं तुम्हीच आठवून पाहा. मला सांगायची गरज नाही.

थोडक्यात, भावना दाराबाहेर ठेवून आत यायचं, असं आपल्या तर्कपरंपरेने कधी सांगितलेलं नाही. कोणत्या भावना घेऊन आत यायचं, ते सांगितलं आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचं जे रूपक आहे त्यात तर्क हा देवाच्या हातातला परशू आहे, 'तर्कु तोचि फरशु'. आणि त्याच रूपकात संवाद हा त्याचा दात आहे, समतेने शुभ्र झालेला. परशू हातात धरतात, काम झालं की ठेवता येतो. दात अंगाचाच असतो. ज्ञानेश्वरांना नेमकं हेच म्हणायचं होतं असा माझा दावा नाही, पण शिकवताना मला ते नेहमी असंच दिसतं.

पण याचा अर्थ भावनेला प्रमाण मानावं, असा अजिबात नाही. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याची साधनं, न्यायशास्त्राने मानली. 'मला फार वाटतं' हे पाचवं प्रमाण कुणी मानलेलं नाही. काकांना कितीही भरून आलं तरी त्याने कावळ्याबद्दल काही सिद्ध होत नाही. काकांबद्दल मात्र बरंच कळतं. ते काय जपत आहेत, कशाला भितात, कुणाचं देणं राहिलं असं त्यांना वाटतं, हे सगळं भावना सांगते. तर्काला या गोष्टी कळत नाहीत. आणि विधान खरं की खोटं, हे भावनेला कळत नाही. धर्मावरचे बहुतेक वाद बिघडतात ते एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर दिल्यामुळे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बाबा गेले तेव्हा मी तर्कशास्त्रात एम. ए. होऊन चार वर्षं झाली होती. तेराव्याच्या आदल्या रात्री आईच्या कपाळावरचं कुंकू, मंगळसूत्र, जोडवी यांचा विषय निघाला. आत्या आणि एक चुलते यांचं म्हणणं, रीत आहे ती झालीच पाहिजे. मी पदर खोचून बसले. हे कोणत्या श्रुतीत आहे, कोणत्या स्मृतीत आहे, दाखवा म्हटलं. चुलत्यांनी एक वचन सांगितलं, मी त्याला दुसरं दिलं. त्यांनी 'पूर्वापार' म्हटलं, मी म्हटलं विधवांचं केशवपनही पूर्वापार होतं, ते का सोडलंत? दीड तास चाललं. शेवटी चुलते गप्प झाले, आत्या रडत आत गेली. मी जिंकले होते. सकाळी उठून पाहते तो आईचं कपाळ कोरं. कुणी पुसलं नव्हतं, तिनेच पुसलं होतं. मला म्हणाली, "तू जिंकलीस गं. पण तू परवा जाशील तुझ्या घरी. मला इथेच राहायचंय."

त्या दीड तासात आईला मी एकदाही विचारलं नव्हतं. ती माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर, कोनाड्याला टेकून बसलेली होती. कुंकवाचा करंडा तिच्या मांडीवर होता. तिला शास्त्राचं भय नव्हतंच. उद्या हळदीकुंकवाला कोण बोलावणार, बारशाला पाळण्याजवळ कोण उभं राहू देणार, याचं होतं. त्या भयाला माझ्या एकाही वचनात उत्तर नव्हतं. आणि उत्तर देऊ शकली असती ती माणसं, म्हणजे आत्या आणि चुलते, त्यांना मी वादात गप्प करून आतल्या खोलीत पाठवलं होतं.

हे पुढे महाराष्ट्राचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास वाचताना मला फार मोठ्या आकारात पुन्हा दिसलं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता. बंगालमधल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या पुनर्विवाहावरच्या ग्रंथाचं सुधारक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठी भाषांतर केलं, पुनर्विवाहासाठी मंडळी काढली, 1869 साली मुंबईत एक पुनर्विवाह घडवूनही आणला. त्या लग्नाच्या पुरस्कर्त्यांवर बहिष्कार पडला. मग मार्च 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या पीठापुढे रीतसर शास्त्रार्थ झाला. एका बाजूला विष्णुशास्त्री पंडित, दुसऱ्या बाजूला नारायणाचार्य गजेंद्रगडकर, आणि दोन्ही बाजूंचे पंच.

पुनर्विवाहवाद्यांचा मुख्य आधार पराशरस्मृतीतला श्लोक: 'नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ, पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते'. पती बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला, पतित झाला, या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती विहित आहे. अर्थ लख्ख. पण विरुद्ध बाजूच्या पंडितांनी त्या काळात यावर जी कोटी केली ती पाहण्यासारखी आहे. पाणिनीच्या नियमाने 'पति' शब्दाची सप्तमी 'पत्यौ' होते. 'पतौ' हे रूप फक्त समासात चालतं. मग श्लोकात 'पतौ' कसं आलं? म्हणून तिथे 'पतितेऽपतौ' असा पदच्छेद करायचा, म्हणजे 'अपतौ', जो अजून पती झालेला नाही तो, नुसता वाङ्निश्चय झालेला. म्हणजे श्लोक विधवेला लागूच नाही, फक्त लग्न ठरलेल्या मुलीला लागू. उच्चारात दोन्ही वाचनं अगदी एकसारखी. दुसरी बाजू म्हणायची, ऋषींच्या भाषेत अशी आर्ष रूपं चालतात. आठ-नऊ वर्षांच्या विधवा मुलींचं पुढचं सगळं आयुष्य एका न उच्चारल्या जाणाऱ्या 'अ'वर तोललेलं होतं.

मी हा श्लोक फळ्यावर लिहून दोन्ही बाजू मुलांकडून लढवून घेते. व्याकरण पाहिलं तर विरोधकांचा मुद्दा बिनबुडाचा नाही, हे मी त्यांना मान्य करायला लावते. तर्काशी प्रामाणिक राहायचं तर हे मान्य केलंच पाहिजे. आणि मग विचारते: हा पदच्छेद कुणाला सुचला असता, जर त्याला आधीपासूनच उत्तर ठाऊक नसतं? इथे भावना तर्काच्या आत शिरून बसलेली आहे. भीती आहे, जातीबाहेर पडण्याची, घराण्याचं नाव जाण्याची. पण ती भीती म्हणून बोलत नाही, सप्तमी विभक्ती म्हणून बोलते. अशी भावना खोडता येत नाही, कारण ती समोर येतच नाही.

1870 चा निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला. आणि समजा बाजूने गेला असता तरी? मला वाटतं फार फरक पडला नसता. कायदा चौदा वर्षं होताच की. सुधारकांच्या बाजूने बहिष्कार सोसलेल्या न्यायमूर्ती रानड्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1873 साली पहिली पत्नी गेली, आणि वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोक याकडे ढोंग म्हणून बोट दाखवतात. मी तसं म्हणत नाही. त्या काळच्या महाराष्ट्रात रानड्यांपेक्षा मोठा तर्क कुणाचा होता? तरीही वडिलांचं मन मोडणं त्यांना जमलं नाही. त्याच मुलीला त्यांनी शिकवलं, आणि रमाबाई रानडे घडल्या. विष्णुशास्त्र्यांनी मात्र 1874 साली स्वतः एका विधवेशी लग्न केलं. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी केलं, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांनी पुढे वाद घालण्यापेक्षा विधवांना शिकवण्यावर सगळं आयुष्य लावलं. गावात एक शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली विधवा दिसू लागली, की 'पतौ' की 'अपतौ' हा प्रश्न लोक हळूहळू विचारायचे थांबतात.

म्हणून तर्क फुकट गेला का? नाही. हे ठासून सांगते, कारण आजकाल 'वादाने काही होत नाही' असं म्हणून मोकळं होण्याची पद्धत पडली आहे. विष्णुशास्त्र्यांनी तो शास्त्रार्थ केला नसता, तर कणव वाटणाऱ्या हजारो बापांना 'शास्त्रात याला जागा आहे' हे कळलंच नसतं. मनात कणव होती, तिला उभं राहायला जागा तर्काने करून दिली. एकट्या कणवेने बाप मुलीला जवळ घेऊन रडला असता आणि दुसऱ्या दिवशी तिचे केस उतरवायला न्हाव्याला बोलावलं असतं.

यासंदर्भात हेरवाडचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. कोरोनाच्या साथीत तरुण माणसं गेली होती, घराघरांत तरुण विधवा होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घ्यायला सांगितलं. स्मृतीतलं वचन कुणी काढलं नाही, आणि 'देवधर्म सोडा' असंही कुणी म्हटलं नाही. एकट्या बाईला जे भय वाटतं, उद्या मला कोण बोलावणार, ते भय सगळ्या गावाने एकत्र बसून काढून घेतलं. माझ्या आईला त्या रात्री हेच हवं होतं, आणि मी तिला श्लोक देत होते.

आता काही खुणा सांगते, धर्मावरचा वाद वादातून बाहेर पडला हे ओळखायच्या. न्यायशास्त्रात हरण्याची बावीस ठिकाणं सांगितली आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातली दोन आज रोज भेटतात. एक मतानुज्ञा. आपल्यावरचा दोष खोडायचा नाही, उलट तोच दोष समोरच्यात दाखवायचा. "त्यांच्या धर्मात बघा ना काय चालतं!" बोलणाऱ्याला वाटतं आपण जोरात उत्तर दिलं, शास्त्र म्हणतं, तुम्ही दोष कबूल केलात आणि हरलात. दुसरं विक्षेप. काहीतरी निमित्त सांगून चर्चाच मोडायची. 'आमच्या भावना दुखावल्या' हे वाक्य पुष्कळदा या जागी येतं. पण पुष्कळदा, नेहमी नाही. म्हणून मी लगेच विक्षेप म्हणून शिक्का मारत नाही. विचारते, "नेमकं कोणत्या शब्दाने दुखावलं?" ज्याला खरंच लागलेलं असतं तो शब्द सांगतो. ज्याला चर्चा बंद करायची असते तो आवाज वाढवतो. कायद्यानेही हा भेद मनात ठेवला आहे: 1927 साली दंडसंहितेत आलेलं 295अ कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत 299 आहे, त्यात नुसत्या दुखावण्याला गुन्हा म्हटलेलं नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान हवा.

उलट बाजूची चूक तर्कवाल्यांकडून होते आणि ती मी स्वतः अनेक वर्षं केली. रागाला तर्क म्हणायचं. एखाद्याची श्रद्धा मोडताना आपल्याला आत कुठेतरी बरं वाटतं का, हे तपासावं. वाटत असेल तर तिथे थांबावं. तसंच रूढी जपणाऱ्यांनी तिला विज्ञानाची साल चढवणं, बांगड्यांनी रक्ताभिसरण सुधारतं वगैरे. हे दोन्ही बाजूंचं नुकसान करतं. "मला बांगड्या आवडतात, आईच्या हातात पाहिल्या आहेत," हे खरं आणि पुरेसं आहे. ते म्हणायला लाज का वाटावी? एकदा खोटा हेतू दिला की तो कुणीतरी खोडणार, आणि मग त्याच्याबरोबर ते खरं प्रेमही खोटं ठरल्यासारखं होतं.

एका बाबतीत मात्र मी कुणाच्याही भावनेसाठी थांबत नाही. जिथे तिसऱ्या माणसाचा जीव आहे तिथे. पावसाळ्यात एका वस्तीवर कार्यक्रमाला गेले होते. मुलाला साप चावला होता आणि भगताला बोलवायला माणूस गेला होता. तिथे मी श्रद्धा-अंधश्रद्धेवर एक वाक्य बोलले नाही. मुलाच्या आजीला म्हटलं, "भगताला गाडीत घ्या, मंत्र गाडीत म्हणू दे, पण गाडी आत्ता निघाली पाहिजे." निघाली. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं हा गुन्हाच आहे, आणि गरज पडली असती तर मी कायदाही दाखवला असता. तो वाद नव्हता. तिथे कुणाचं मत बदलायचं नव्हतं, गाडी हलवायची होती. आजीशी मग दोन महिन्यांनी निवांत बोलणं झालं, तेव्हा तिनेच विचारलं की मंत्राने उतरलं की सुईने.

तुमच्या बाबतीत कुणाचा जीव धोक्यात नव्हता. कावळा आला असता तर आला असता, नाहीतर दर्भ होताच. काका आणखी दहा मिनिटं हात जोडून उभे राहिले असते. त्या दहा मिनिटांत खरं काय ते सांगण्याची घाई तुम्हाला का झाली, याचाही विचार करा. माझा अंदाज सांगू? तुमचे वडील गेले होते. सगळे तुमच्याकडे पाहत होते. कावळा शिवत नाही म्हणजे मुलाने काहीतरी कमी केलं, असं आजूबाजूला कुजबुजणं चालू असणार. मोठा मुलगा म्हणून ते तुमच्या अंगावर येत होतं. 'कावळ्यांची पोटं भरलीत' हे वाक्य तुम्ही तर्क म्हणून बोललात, पण ते आलं असावं 'मी बाबांसाठी काही कमी केलेलं नाही' या जागेहून. तसं असेल तर त्या घाटावर तुम्ही आणि काका दोघेही एकच गोष्ट बोलत होता.

वर्षश्राद्धाला अजून अवकाश आहे असं तुम्ही लिहिलं आहे. त्याआधी एखाद्या संध्याकाळी काकांकडे जा, शक्यतो एकटे. कावळ्याचा विषय काढू नका. माफीही लगेच मागू नका, ती त्यांना अवघडून टाकेल. त्यांना विचारा, "त्या दिवशी तुम्ही बाबांना काय सांगत होतात?" आणि मग ते बोलेपर्यंत गप्प बसा. वेळ लागेल. काकूंना चहा टाकू द्या. ते जे सांगतील त्यात तुमच्या आईबद्दल किंवा तुमच्याबद्दल एखादं वचन असेल, तर ते कसं पुरं करायचं यावर दोघांनी बोला.

श्राद्ध कसं करायचं, पिंड ठेवायचे की तेवढ्या पैशांतून कुठल्या शाळेला काही द्यायचं, हा खरा वाद त्यानंतर घाला. तो घालायलाच हवा, आणि तुमचा तर्क तिथे पुरेपूर वापरा, काकांचाही ऐका.